मुरगळलेलं डोकं

तोलेमामा वस्तरा उघडण्याआधी माणसाचं डोकं तोलायचा. गिऱ्हाईक समोर मांडी घालून बसलं की दोन्ही तळवे त्याच्या कानांमागे लावायचा, डोळे मिटायचा आणि बाजारात टरबूज उचलून बघतात तसं डोकं जरासं वर उचलायचा. दोन श्वास तसंच धरायचा. मग सोडून "हां" म्हणायचा आणि पाणी लावायला घ्यायचा. कधी त्या "हां"ला शेपूट असायचं. "आज जड हाय. कारभारनीशी वाजलं काय?" आणि खरंच वाजलेलं असायचं. कधी म्हणायचा, "लई हलकं हाय बाबा, बाजारात नेऊ नको, कोनी घेनार न्हाई." माणूस हसायचा, पण घरी जाऊन आरशात बघायचा.

त्याचं नाव ग्यानबा. गावाचा न्हावी. पण त्याला ग्यानबा म्हणणारी एक त्याची बायको, तीही रागात असली तरच. बाकी सगळा गाव तोलेमामा म्हणे. "तोंड लबाड बोलतं," तो म्हणायचा. "हातात आलेलं डोस्कं लबाड बोलत न्हाई."

मी हे लिहितोय ते कोणाला विचारून नाही. मी चौथी झालो, तीही उर्दू. निजामाचं राज्य होतं, शाळा त्याच भाषेची. मराठी मी घरी पोथी वाचून शिकलो. तेव्हा माझ्या शुद्धलेखनाला कोणी हसू नये. थोरला मुलगा म्हणतो, "अण्णा, झालं गेलं कशाला उकरता? घरात पोरींची लग्नं व्हायचीत." त्याच्या ह्या बोलण्यामुळंच मी लिहायला बसलो.

आमचं गाव जाफराबादेहून तीन कोसांवर. त्या काळी आमच्या भागात सोयरीक जुळवण्याआधी समोरचा माणूस गावच्या न्हाव्याला विचारायचा. न्हावी सगळ्या घरांत जातो, बारशाला जातो, मयताला जातो, आजाऱ्याची दाढी करतो. त्याला घरातलं सगळं ठाऊक. बाकीच्या गावांचे न्हावी ज्याच्या घरचं जास्त खाल्लं त्याच्या बाजूनं बोलत. आमचा तोलेमामा तसा नव्हता. दहा कोसांतले लोक म्हणत, त्या गावात पोरगी द्यायची तर आधी तोलेमामाकडं दाढी करून घ्या.

एकदा आमच्या पाटलाच्या मुलाला बघायला भोकरदनकडची माणसं आली. मुलगा देखणा, शेती मोठी. पाहुण्यांनी दाढी करता करता विचारलं. मामानं सांगितलं, "पोरगं गुनाचं हाय. पर फेफरं येतं. वरसातून दोन-तीनदा." पाहुणे अर्धी दाढी पुसून उठले. पाटलानं मामाला दार बंद केलं आणि शेजारच्या गावचा न्हावी लावला. मामा म्हणाला, "मला काय, त्या डोस्क्याचं वजन मला म्हाईतच हाय, नवं काही त्यात पडत न्हाई."

गाव हसला. पण त्या मुलाचं लग्न पुढं झालंच नाही. ज्या घरी बोलणं जाई, त्याआधी 'फेफरं' हा शब्द जाऊन बसलेला असे. तो मुलगा वेशीत बसलेला दिसला की मामा मान खाली घालून जायचा. हे मी पाहिलेलं आहे.

आता माझं सांगतो.

मी तेव्हा चोवीस-पंचवीसचा. लग्न झालेलं. घरात वडील, ज्यांना सगळा गाव बापू म्हणे, आई, माझी बायको आणि लग्नाची धाकटी बहीण गोदी. कापूस वेचायचे दिवस होते. एका सकाळी मी उठलो आणि जोडा पायात कसा घालायचा ते मला कळेना. पाय होता, जोडा होता, पण दोघांची गाठ घालायला जे लागतं ते माझ्याजवळ नव्हतं. घरात कोणी गेलं नव्हतं, कोणाशी भांडण नव्हतं, पीक चांगलं होतं. तरी भाकरी तोंडात मातीसारखी लागे. झोप गेली. रडूही येत नव्हतं. आलं असतं तर बरं झालं असतं. मी विहिरीच्या काठावर जाऊन बसायचो आणि पाण्याकडं बघत राहायचो. कशासाठी ते मला माहीत होतं, आणि माझ्या बायकोलाही कळलं होतं.

बापूंना वाटलं, बाहेरचं आहे. पलीकडच्या वाडीचा भगत आणला. त्यानं सांगितलं, विहिरीवरची बाई लागली. मला मिरच्यांची धुरी दिली, निंबाच्या फोकांनी पाठ फोडली. मी ओरडलो नाही, म्हणून तो म्हणाला, बाई लई जबरी हाय. मग बापूंनी मला कडब्याच्या खोलीत कोंडलं आणि गावात सांगितलं, थोरला सासरवाडीला गेलाय. त्यांचा मी राग धरीत नाही. गोदीचं बोलणं जाफराबादकडच्या एका घरी चाललं होतं. भाऊ येडा आहे हे कळलं असतं तर ती पाटलाच्या मुलासारखी जन्मभर वेशीत बसली असती. घरात दोन जिवांचा प्रश्न होता. बापूंनी त्यातला एक निवडला होता.

मामाला आमच्या घरी यायची मनाई झाली. पण माझ्या बायकोनं नदीवर धुणं धुताना त्याच्या बायकोला गाठलं आणि एवढंच सांगितलं, "मामाला म्हनावं, आमच्या घरी कोनी मेलं न्हाई, पर मरून राह्यलंय."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मामा हत्यारांची धोकटी काखेत मारून आमच्या दारात उभा.

बापू म्हणाले, "मामा, आज तुझा वार न्हाई."

"माझा वार मला म्हाईत हाय," मामा म्हणाला. "थोरला कुठंय?"

"सासरवाडीला."

"मंग कडब्याच्या खोलीत कोन खोकून राह्यलंय? कडबा?"

बापू बाजूला झाले. मामा आत आला, माझ्या समोर बसला. माझी दाढी महिन्याची होती, अंगाला वास येत होता. त्यानं नाक मुरडलं नाही. दोन्ही तळवे कानांमागे लावले, डोळे मिटले आणि डोकं उचललं. दोन श्वास झाले, चार झाले. मी मोजत होतो, कारण महिन्याभरात मला कोणी मारण्याशिवाय हात लावला नव्हता. शेवटी त्यानं डोकं हळूच खाली ठेवलं, पाण्याची घागर ठेवावी तसं.

"मुरगळलंय," तो म्हणाला.

बापू दारातून म्हणाले, "काय?"

"डोस्कं मुरगळलंय पोराचं."

"डोस्कं कुठं मुरगळतं का, मामा?"

"पाय मुरगळतो, मान मुरगळती. डोस्कं काय लाकडाचं हाय? पाय मुरगळला तर तुमी फोकानं मारता का त्याला? का लोकापासून लपवता?" मग त्याचा आवाज खाली आला. "बापू, पाटलाच्या पोराला म्या फेफरं म्हनलो. खरंच व्हतं. पर त्या शब्दाखाली पोरगं दबलं ते उठलंच न्हाई. तवापासून मी शब्द चाचपून घेतो. भोकरदनला हकीमसाब हाईत. उद्या गाडी जुंपा."

बापूंनी कापसाची गाडी भरली. बाजाराला निघालोय असं दिसावं म्हणून. कापसावर मला आडवं घातलं, अंगावर चादर. मामा माझ्या उशाशी.

नदीत समोरून गाडी आली. दोन गाड्यांना एकदम उतार मिळत नसे, एकीनं थांबावं लागे. समोरच्या गाडीत आबाराव होते. ज्या घरी गोदीचं बोलणं चाललं होतं त्या घरचे कर्ते. मुलाचे वडील. अंगानं दांडगे, मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा.

"राम राम बापू! कापूस चालवला, अन् कापसावर हे काय आडवं?"

बापू हातातला कासरा उगाच सारखा करायला लागले, ते मला चादरीतून दिसत होतं. 

मामा बोलला. "थोरला हाय. डोस्कं मुरगळलंय. हकीमसाबाकडं नेऊन राह्यलो."

आबाराव पोट धरून हसले. "न्हावी मानूस तू, तुला जिथं तिथं डोस्कंच दिसतं! मान मुरगळली म्हन. झोपला असंल वाकडा. नवी नवी बायको, दुसरं काय!" आणि बैल हाकून निघून गेले.

बापूंनी श्वास सोडला. "बरं झालं. मान समजला."

मामा हसला नाही. "म्या डोस्कं म्हनलो, बापू. त्यानं मान ऐकली. बरं झालं का वाईट, ते अजून कळायचं हाय."

हकीमसाहेब म्हातारे, पांढऱ्या दाढीचे. निंबाखाली बाजेवर बसलेले. महिनाभर सगळे माझ्याबद्दल बापूंना विचारत होते. त्यांनी मला विचारलं.

"नींद नै आती?"

"न्हाई."

"रोना आता?"

"न्हाई."

"मरने का खयाल आता?"

बापू ताडकन उठले. "हकीमसाब, हे काय विचारता पोराला!" हकीमसाहेबांनी हात वर केला आणि माझ्याकडंच बघत राहिले.

मी म्हणालो, "येतो."

बापू धपकन खाली बसले. बाजेवर नाही, मातीत. माझ्या बापाला मी तसं मातीत बसलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"ये बला नै, बीमारी है," हकीमसाहेब म्हणाले. "मालीखोलिया बोलते इसको. हमारी किताबों में लिखी हुई है. इसको मारो मत, बंद मत करो, अकेला मत छोडो."

मामानं विचारलं, "मंजे मुरगळाच ना, हकीमसाब?"

म्हातारा हसला. "हाँ मियाँ. दिमाग की मोच समझो."

त्यांनी झोपेचं औषध दिलं आणि दुधी भोपळ्याच्या बियांचं तेल दिलं. रोज सकाळी डोक्याला चोळायचं, मग उन्हात चालवायचं आणि रोज त्याच्या तोंडून एक तरी गोष्ट काढायची, भले ती कावळ्याची का असेना. उतार पडेल, पुन्हा चढेल, घाबरायचं नाही.

मामा रोज सकाळी आला. एक दिवस चुकला नाही. त्याची बोटं जाड, पण डोक्यावर फिरायला लागली की पाण्यासारखी. तेल जिरेपर्यंत चोळायचा आणि मग विचारायचा, "आज काय दिसलं?"

"काही न्हाई."

"बरं. उद्या बघू."

पुढं बरेच दिवस असंच. "आज काय दिसलं?" "काही न्हाई." "बरं. उद्या बघू." कधी वैतागला नाही. गावातले लोक मात्र वैतागले. पारावर एकानं विचारलं, "मामा, रोज रोज बापूच्या घरी कोनाची हजामत चालती?" मामा म्हणाला, "बापूच्या बैलाची. शिंगाला केस आल्यात."

एके सकाळी मी म्हणालो, "वळचणीला चिमणी होती. तिच्या चोचीत काडी होती. मोठी. मावत न्हवती तिला."

मामाची बोटं थांबली.  मग बाहेर जाऊन त्यानं माझ्या बायकोला सांगितलं असावं, कारण ती आत येऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मंग मावली का काडी?" मी म्हणालो, "बघितलं न्हाई." ती म्हणाली, "उद्या बघा."

शिमग्यापर्यंत मी खळ्यावर उभा राहायला लागलो. आजार गेला नव्हता. पण त्याच्या अंगावर पाय देऊन कसं उभं राहायचं ते मला कळायला लागलं होतं. आणि त्याच सुमारास आबारावांचा निरोप आला, आम्ही विचारायला येतोय.

आदल्या संध्याकाळी बापू मामाकडं गेले. मी मागं होतो. बापूंनी डोक्याचं पागोटं काढलं आणि न्हाव्याच्या पायावर ठेवलं. मामा दोन हात मागं सरला, चटका बसल्यासारखा. पागोटं उचलून बापूंच्या हातात दिलं.

"लबाड बोलायला लावू नका, बापू. अन् पोरीचं वाकडंबी होऊ देनार न्हाई. मला माझ्या शब्दानं बोलू द्या."

दुसऱ्या दिवशी आमच्या ओसरीवर आबाराव दाढीला बसले. बाजूला त्यांचे दोन भाऊबंद. मी खांबाला टेकून उभा. दाराआड आई आणि गोदी. गोदीच्या बांगड्यांचा आवाज येत होता, मग तोही बंद झाला.

मामानं आबारावांचं डोकं तोललं, "हां" म्हटलं आणि पाणी लावलं.

"मामा," आबाराव म्हणाले, "तू सरळ मानूस. घरात काही वारंबिरं? फेफरं?"

"वारं न्हाई. फेफरं न्हाई. थोरल्याचं डोस्कं मुरगळलं व्हतं. हकीमसाबांनी उपाय केला, आता बरं हाय."

"ते म्हाईत हाय रे मला! नदीत भेटलो की आपन." आबारावांनी अर्ध्या ओल्या दाढीनिशी माझ्याकडं वळून पाहिलं. "काय थोरले, मान बसली का?"

 मामाचा वस्तरा हवेत थांबला. तो बोलणार होता. मला त्याच्या जबड्यावरून कळलं, तो आता म्हणणार, मान न्हवं आबाराव, डोस्कं. पण त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं. म्हणजे डोकं माझं होतं, सांगायचा हक्क माझा होता, असं त्याला म्हणायचं असावं.

मी म्हणालो, "बसली."

मान फिरवूनसुद्धा दाखवली. इकडं आणि तिकडं.

मामानं खाली बघितलं आणि वस्तरा वाटीतल्या पाण्यात धुतला, एकदा, दोनदा, स्वच्छ असताना. मग दाढी पुरी केली. दाराआड बांगड्या पुन्हा वाजल्या.

गोदीचं लग्न झालं. आणि वर्ष उलटायच्या आत त्या भगतानं जाफराबादच्या बाजारात तोंड उघडलं. बापूच्या थोरल्याला बाई लागली होती, मी उतरवली, असं मोठेपणानं सांगत सुटला. आबारावांच्या कानी गेलं.

ते गाडी घेऊन आले ते थेट पारापाशी. गाडीत गोदी, तिची पेटी आणि तिच्या पोटात पाच महिन्यांचं मूल. सारा गाव गोळा झाला. पेटी पाहून माझ्या आईनं तोंडात पदर कोंबला. पेटीसकट आणलेली पोरगी परत जात नसते.

"याड्याच्या घरची पोरगी माझ्या घरात घातली!" आबाराव गाडीत उभं राहून बोलत होते. "अन् मी म्हनतो, मी इचारलं न्हाई का? मी इचारलं! दहा कोसांत ज्याचा शब्द चालतो त्याला इचारलं!" त्यांचं बोट मामावर आलं. "बोल की रं. लबाड बोललास का न्हाई?"

मी वीस हातांवर होतो. आता सांगायचं, असं मनात म्हणालो. मामा डोस्कंच म्हणाला होता, बसली असं मी म्हणालो. दोन वाक्यं होती. मी गाडीतल्या पेटीकडं पाहिलं आणि ती दोन वाक्यं गिळली.

मामा पुढं आला. "व्हय," म्हणाला. "शब्द माझा व्हता. मी नीट सांगितलं न्हाई. बापूचा दोष न्हाई, पोरीचा तर न्हाईच न्हाई. थुंकायचं तर माझ्यावर थुंका."

आबाराव भांडायला आले होते. भांडण मिळालं नाही, पण दोष ठेवायला एक डोकं मिळालं. पोटुशी सून टाकून द्यायची त्यांचीही इच्छा नसावी. पण कोणीतरी खोटं ठरल्याशिवाय त्यांना माघारी वळता येत नव्हतं. सोयरा खोटा ठरला असता तर सून गेली असती. न्हावी खोटा ठरला आणि सून राहिली. ते थुंकले. मामाच्या पायाजवळ पडलं. मग गाडी वळवली, पेटीसकट, गोदीसकट. हे सगळं मामाला तिथं उभ्या उभ्या कळलं होतं, आणि मला कळायला वर्षं लागली.

त्यानंतर मामाला सोयरिकीचं कोणी विचारलं नाही. पाटील चावडीवर म्हणाला, "माझ्या पोराचं फेफरं गावभर केलं, अन् बापूच्या घरचं येड लपवलं." मामाला सगळ्यात जास्त हे लागलं, असं मला वाटतं. कारण त्याला उत्तर द्यायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं.

त्यानं मला एक अक्षर कधी विचारलं नाही. मी डोकं करायला जाऊन बसलो की पूर्वीसारखे तळवे लावायचा, डोळे मिटायचा, उचलायचा. आणि म्हणायचा, "जरा कललंय अजून."

दर वेळी तेच. सात वर्षं. मी चिडायचो. "काय कललंय मामा? दोन औतं हाकतो मी. तीन लेकरं झाली."

"औतं हाकतोस, ते बराबर हाय," तो म्हणायचा आणि पाणी लावायचा.

मग ती दुपार आली. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचं ऊन. मी मामाच्या दारात निंबाखाली बसलेलो, डोकं अर्धं झालेलं. रस्त्यानं एक माणूस पायी आला, उपरणं कपाळावर ओढलेलं. जवळ आला तेव्हा मिशांवरून ओळखलं. बाकी ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. गालांची हाडं वर आलेली, सदरा अंगावर लोंबत होता. आबाराव.

ते माझ्याकडं न बघता मामासमोर बसले. गोदी मागं एकदा म्हणाली होती की मामंजी जेवत नाहीत, माडीवर भिंतीकडं तोंड करून पडतात. घरात सगळ्यांना ताकीद होती, बाहेर बोलायचं नाही.

"मामा," आबाराव म्हणाले. तो मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "मान... मान मुरगळलीय जरा."

मामानं वस्तरा खाली ठेवला. हात धोतराला पुसले. तळवे त्यांच्या कानांमागे लावले आणि उचललं. दोन श्वास. चार. सहा.

"मान न्हाई ही, आबाराव," तो म्हणाला.

एवढ्यावर तो दांडगा माणूस रडायला लागला. तोंड न झाकता, लहान लेकरासारखा. मामानं डोकं सोडलं नाही, तसंच दोन्ही हातांत धरून ठेवलं. मग मला म्हणाला, "ऊठ. गाडी जुंप."

"मामा, अर्धं डोकं..."

"ऱ्हाऊ दे अर्धं."

मी तसाच निघालो. अर्धं डोकं गुळगुळीत, अर्धं केसांचं. मागं आबाराव चादर घेऊन आडवे, त्यांच्या उशाशी मामा. आणि नदीत समोरून गाडी आली. नदीला दुसरा उतारच नव्हता. जाफराबादकडची चार-पाच माणसं होती, सगळी ओळखीची.

माझं डोकं बघून ती हसायला लागली. "थोरले, हे काय सोंग? अन् मागं आबाराव का आडवे? कुठं चालवलंय?"

आबारावांनी चादर तोंडावर ओढली.  मामाच्या शब्दाला आता किंमत नव्हती, ती मीच घालवली होती.

मी बैल थांबवले.

"हकीमसाबाकडं चाललो," मी म्हणालो. "मला याच गाडीत नेलं व्हतं, आठ वरसं झाली. माझं डोस्कं मुरगळलं व्हतं. मान न्हवं, डोस्कं. मालीखोलिया म्हनत्यात त्याला. मी विहिरीत जीव देनार व्हतो. मामानं नेलं म्हनून जगलो. मामा तवाबी डोस्कंच म्हनला व्हता, मान बसली असं मी म्हनलो. मी लबाड बोललो. मामा न्हाई. बाजारात सांगायचं तर नीट सांगा. अन् आबाराव माझ्यासंगं आल्यात. सरका आता, आमाला जाऊ द्या."

कोणी हसलं नाही. त्यांनी गाडी मागं घेतली. आम्हाला आधी जाऊ दिलं.

आता गोदीला धोका नव्हता म्हणून तू बोललास, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. थोडं खरं आहे ते. सगळं खरं नाही.

आबाराव त्या वर्षी बरे झाले, पूर्ण नाही, पण माडीवरून खाली आले. पुढं आमच्या भागात बायामाणसं सहज म्हणायला लागली, अमक्याचं डोकं मुरगळलंय, हकीमाकडं नेलंय. ज्यांनी मामाला लबाड म्हटलं होतं त्यांनी त्याचाच शब्द उचलला. मामा निजामाचं राज्य जायच्या थोडं आधी गेला. त्याच्या मुलाचा हात चांगला होता, पण तो डोकं तोलत नसे. म्हणायचा, मला त्यातलं कळत नाही.

आबारावांना दाखवून हकीमाकडून आम्ही परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी राहिलेलं अर्धं डोकं करून घ्यायला गेलो. नदीतलं माझं बोलणं तोवर गावभर झालं होतं. पारावरून जाताना माणसं बोलायची थांबली. मी ताठ गेलो, अर्ध्या डोक्यानं.  मामानं मला बसवलं, तळवे लावले, डोळे मिटले आणि डोकं उचललं. मी वाट बघत होतो, आता म्हणेल, जरा कललंय.

त्यानं ते बराच वेळ हातांत धरलं.

"हां," म्हणाला. "आता बसलं."